उठवणारा हात



'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात एक पांगळा माणूस आपल्याला भेटतो. जन्मापासून तो स्वतःच्या पायांवर उभा राहिलेला नाही. वय चाळिशीच्या पुढे. रोज काही माणसे त्याला उचलून आणतात आणि यरुशलेमच्या मंदिराच्या 'सुंदर' नावाच्या दरवाजापाशी ठेवतात, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे त्याला भीक मागता येईल. दुपारी तीनच्या प्रार्थनेला पेत्र आणि योहान तिथे येतात. त्यांच्याजवळ पैसा-अडका नाही. मग पेत्र काय करतो ते संत लूकने अगदी क्रमाने लिहून ठेवले आहे. आधी तो त्या माणसाकडे निरखून पाहतो. मग त्यालाही आपल्याकडे पाहायला सांगतो. मग येशूच्या नावाने त्याला चालायला सांगतो. आणि एवढे झाल्यावर त्याचा उजवा हात धरून त्याला उठवतो. तेव्हा त्याच्या पावलांत आणि घोट्यांत बळ येते.

पावले आणि घोटे! संत पौलाच्या पत्रात लूकला वैद्य म्हटले आहे, आणि या एका बारकाव्यावरून ते पटते. दुसरा कोणी 'तो बरा झाला' एवढेच लिहून पुढे गेला असता. लूक मात्र आपल्याला सांगतो की तो माणूस उभा राहिला तो पेत्राच्या हातावर नव्हे, स्वतःच्या घोट्यांवर.

त्याला रोज उचलून आणणाऱ्या माणसांना मी नावे ठेवत नाही. ते नसते तर तो त्या दरवाजापर्यंत पोहोचलाच नसता. पण त्यांनी त्याला ओझ्यासारखे आणले आणि ओझ्यासारखे ठेवले. पेत्राने त्याच्या नजरेला नजर दिली आणि उठण्याचे काम त्याचे त्यालाच करू दिले.

हे आज आठवण्याचे कारण असे. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली आजी-आजोबा व वृद्धांचा जागतिक दिन सुरू केला. संत ज्योकिम व संत अॅना यांच्या सणाच्या आसपास, जुलैच्या चौथ्या रविवारी तो येतो. तेव्हापासून आपल्या धर्मग्रामातूनही वृद्धाश्रमाच्या भेटी वाढल्या आहेत. युवक जातात, महिला मंडळ जाते, संत विन्सेंट डी पॉल संघटनेचे सभासद तर वर्षानुवर्षे जात आहेत. फळे दिली जातात, केक कापला जातो, गाणी होतात, रोझरी म्हटली जाते. मग कोणीतरी म्हणते, "चला, आजीला जरा बाहेर व्हरांड्यात घेऊन जाऊ." आणि दोन तगडे तरुण पुढे होतात, आजीच्या दोन्ही काखांत हात घालतात आणि "एक, दोन, तीन" म्हणत तिला वर खेचतात.

प्रेमाने केलेली गोष्ट चुकीची कशी असेल, असे आपल्याला वाटते. पण खांद्याच्या सांध्याला आपला हेतू कळत नाही. ऐंशीच्या घरातल्या माणसाचे खांद्याचे स्नायू विरलेल्या कापडासारखे झालेले असतात. ज्यांना अर्धांगवायू होऊन गेला आहे, त्यांच्या अधू बाजूचा खांदा तर नुसता लोंबत असतो. तो हात धरून ओढला की सांधा जागचा सरकू शकतो, आणि मग महिनोन् महिने दुखणे मागे लागते. कातडीही पातळ झालेली असते. आपल्या बोटांच्या पकडीने ती काळीनिळी होते, कधी फाटते. शिवाय काखेतून उचलले की आजीचे पाय काही कामच करत नाहीत, ते हवेत राहतात. आपण घेतले ते काम 'सुंदर' दरवाजाच्या हमालांचे, पेत्राचे नव्हे.

पडणे ही म्हातारपणी किरकोळ गोष्ट नसते. जगात अपघाती दुखापतींनी जे मृत्यू होतात त्यांत रस्त्यांवरील अपघातांच्या खालोखाल पडण्याचा क्रमांक लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यानुसार वर्षाला सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडण्याने दगावतात, आणि त्यांत सर्वाधिक ६० वर्षांपुढची असतात. संत पोप जॉन पॉल दुसरे यांचे उदाहरण तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. डोंगर चढणारा, बर्फावर स्कीइंग करणारा हा माणूस. २८ एप्रिल १९९४ रोजी रात्री ते आपल्या न्हाणीघरात पडले आणि उजव्या मांडीचे हाड मोडले. दुसऱ्या दिवशी रोमच्या जेमेल्ली इस्पितळात शस्त्रक्रिया होऊन कृत्रिम खुबा बसवला गेला. त्यानंतर त्यांच्या हातात काठी आली. तेव्हा त्यांचे वय ७३ होते. व्हॅटिकनमध्ये जे घडते ते आपल्या घरातल्या ओल्या लादीवर घडायला किती वेळ लागणार?

तेव्हा हात कसा द्यायचा हे शिकावे लागते. आपल्याला प्रार्थना शिकवली गेली, वेदीसेवकाला घंटा कधी वाजवायची ते शिकवले गेले. माणसाला उभे करणे त्याहून सोपे आहे असे समजण्याचे कारण नाही.

पहिली गोष्ट विचारण्याची. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात बेथेस्दाच्या तळ्यापाशी ३८ वर्षे आजारी असलेला माणूस आहे. पाणी हलले की त्याला तळ्यात सोडायला कोणी नाही, ही त्याची तक्रार. प्रभू येशू त्याला बरे करण्यापूर्वी त्याची इच्छा विचारतो. खरे तर विचारण्याची गरज काय होती? ३८ वर्षे पडून असलेल्याला बरे व्हायचे नसेल काय? तरीही प्रभू विचारतो. आणि आपण? आपण पाठीमागून येतो आणि खांद्याला धरतो. वृद्धाश्रमातल्या माणसाच्या शरीराला दिवसभर कोणी ना कोणी हात लावत असते, न विचारता. समोरून जा. त्यांच्या नजरेच्या पातळीला या, हवे तर खाली वाका. आपले नाव सांगा. "आजोबा, खुर्चीत बसायचं का? मी डाव्या बाजूला उभा राहतो," असे काय करणार आहात ते आधी सांगा. ज्यांना विस्मरणाचा आजार आहे त्यांच्याशी लहान वाक्यात बोला, एका वेळी एकच गोष्ट. आणि ते नको म्हणाले तर नको. दहा मिनिटांनी पुन्हा या. बळजबरीने उठवलेला माणूस अंग ताठ करतो, आणि मग दोघेही पडतात.

दुसरी गोष्ट बसण्याची. निर्गम पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात अमालेकी लोकांशी लढाई चालली आहे आणि मोशे टेकडीवर हात उंचावून उभा आहे. हात वर असले की इस्राएलची सरशी, खाली आले की पीछेहाट. मोशे थकला, हात जड झाले. अहरोन आणि हूर यांनी तेव्हा काय केले ते नीट वाचा. त्यांनी धावत जाऊन हात पकडले नाहीत. आधी एक दगड आणून मोशेखाली ठेवला, त्याला बसवले. मग एक या बाजूला आणि दुसरा त्या बाजूला राहून त्यांनी सूर्य मावळेपर्यंत त्याचे हात स्थिर धरले. आधी बैठक, मग आधार! कोणत्याही इस्पितळातला फिजिओथेरपिस्ट हाच क्रम सांगेल.

झोपलेला म्हातारा माणूस एकदम उभा राहिला की त्याचा रक्तदाब खाली येतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्तदाबाच्या किंवा लघवी होण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांना हे अधिक होते. म्हणून आधी कुशीवर वळू द्या, पाय पलंगाखाली सोडू द्या, हाताने रेटा देऊन बसू द्या. बसल्यावर लगेच उठवू नका. तीन-चार 'नमो मारिया' सावकाश म्हणा, त्यांनाही बरोबर म्हणू द्या. एक मिनिट सहज जाईल. दोन्ही पावले जमिनीला पूर्ण टेकली आहेत ना ते पाहा. "गरगरतं का?" असे विचारा. गरगरत असेल तर तिथेच बसू द्या, पुन्हा आडवे करा. घाई कसली? वृद्धाश्रमात घाई फक्त पाहुण्यांना असते.

आता उभे राहणे. हे वाचता वाचता तुम्ही बाकावर किंवा खुर्चीत बसला असाल तर एक करून पाहा. पाठ ताठ ठेवा, पाय पुढे पसरा आणि उठायचा प्रयत्न करा. जमणार नाही. तरुणालाही जमणार नाही. उठण्यासाठी आपण नकळत पाय मागे घेतो आणि पुढे झुकतो. म्हाताऱ्या माणसाला नेमके हेच जमत नाही, आणि त्यात आपण समोर उभे राहून त्यांना झुकायला जागाच देत नाही. त्यांना पलंगाच्या किंवा खुर्चीच्या कडेपर्यंत पुढे सरकू द्या. पावले खांद्यांइतक्या अंतरावर, गुडघ्यांच्या किंचित मागे. हात खुर्चीच्या दांड्यांवर किंवा पलंगावर, खाली रेटा देण्यासाठी. मग नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतके पुढे झुकायचे आणि तीन म्हणताच उठायचे. वॉकर समोर असला तरी उठताना तो ओढायचा नाही. तो हलका असतो, अंगावर येतो. आधी उभे राहायचे, मग वॉकर धरायचा. तसेच त्यांना आपल्या गळ्यात हात टाकू देऊ नका. प्रेमळ दिसते खरे, पण तोल गेला तर तुमची मान आणि त्यांचा खुबा दोन्ही गेले.

मदत करणाऱ्याने उभे राहायचे ते अधू बाजूला, किंचित मागे. आणि धरायचे कमरेपाशी, कारण माणसाच्या शरीराचा भार तिथे तोलला जातो. यासाठी एक साधा पट्टा मिळतो, चार बोटे रुंद, जाड कापडाचा, बकल असलेला. तो कपड्यांवरून कमरेला बांधतात, दोन बोटे आत जातील इतका घट्ट. मागच्या बाजूने तळहात वर ठेवून तो खालून धरायचा. या पट्ट्याने कोणाला उचलायचे नसते, फक्त तोल सांभाळायचा असतो. पोटाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, पोटाला पिशवी लावलेली असेल किंवा बरगडी मोडलेली असेल तर तो बांधू नये, सिस्टरांना विचारावे. पॅन्टचा पट्टा, साडीचा काठ किंवा गाऊन धरून चालवणे मात्र कोणीच करू नये. फाटते, आणि माणसाची अब्रूही जाते. आपल्याकडे वृद्धाश्रमाला पंखे, भांडी, चादरी देणगी म्हणून दिल्या जातात. कोणी असे पट्टे दिल्याचे माझ्या ऐकण्यात नाही. यंदा वाढदिवसाच्या केकऐवजी चार पट्टे घेऊन जा, असे मी सुचवतो.

पलंगावरून व्हीलचेअरमध्ये बसवताना अनेक अपघात खुर्चीच्या ब्रेकमुळे होतात, म्हणजे ब्रेक न लावल्यामुळे. खुर्ची चांगल्या बाजूला, पलंगाला थोडी तिरकी लावा. दोन्ही ब्रेक लावा. पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला करा, नाहीतर त्यांतच पाय अडकतो. उभे राहिल्यावर त्यांना लहान लहान पावलांनी वळू द्या. तुम्हीही पावले टाका, कमरेतून पिळू नका. खुर्ची पोटऱ्यांना लागली की ती लागल्याचे त्यांना कळू द्या, हात मागे नेऊन दांडे धरू द्या आणि मग सावकाश बसू द्या. धपकन नाही.

चालण्याच्या बाबतीत एक गंमत सांगतो. काठी अधू पायाच्या बाजूला धरायची असे बहुतेकांना वाटते. तसे नाही. ती चांगल्या बाजूच्या हातात धरायची. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात, आणि काठी व अधू पाय एकाच वेळी पुढे. काठीची उंची किती? हात मोकळा सोडल्यावर मनगटाच्या रेषेपर्यंत. आजोबांच्या वडिलांची काठी आजोबांना पुरेलच असे नाही. जिन्यासाठी फिजिओथेरपिस्ट लोकांनी एक युक्ती काढली आहे. चढताना चांगला पाय आधी, उतरताना अधू पाय आधी. लक्षात राहावे म्हणून ते म्हणतात की चांगले वर स्वर्गात जातात आणि वाईट खाली नरकात! धर्मशिक्षण म्हणून मी या वाक्याला मान्यता देत नाही. शुभवर्तमानात लंगडे-पांगळे मेजवानीला पहिले आत गेले. पण जिन्यावर ते वाक्य पाळा.

पायांत काय आहे तेही पाहा. सैल सपाता, नुसते मोजे, झिजलेल्या चपला घालून लादीवर चालवू नका. मागून बंद, रबरी तळाचे पादत्राण हवे. लुंगी आणि साडीचा घोळ घोट्यांवर असू द्या. चष्मा डोळ्यांवर आहे का? रात्री संडासच्या वाटेवर दिवा आहे का? बऱ्याच वेळा माणूस पडतो तो रात्री, लघवीला जाताना, कोणाला उठवायला संकोच वाटतो म्हणून. घरात ज्यांचे आई-वडील आहेत त्यांना हे विशेष सांगतो. "मला उठवत जा, बाबा," असे एकदा म्हणून भागत नाही. रात्री दोन वाजता उठल्यावर आपला चेहरा कसा असतो, त्यावरून ते पुन्हा उठवायचे की नाही ते ठरवतात.

इतके करूनही कोणी पडू लागले तर? तर त्यांना धरून उभे ठेवण्याचा अट्टहास करू नका. पडणारे शरीर एकट्याने पेलत नाही. पाय फाकवून भक्कम उभे राहा, पट्ट्याला धरून त्यांना आपल्या अंगाजवळ घ्या आणि आपल्या मांडीवरून घसरत हळूहळू जमिनीवर येऊ द्या. डोके तेवढे सांभाळा. मग लगेच ओढून उभे करू नका! आपल्याला लाज वाटते, लोक जमतात, "उठवा, उठवा" म्हणतात. थांबा. कुठे दुखते ते विचारा. एक पाय आखूड दिसत असेल, पाऊल बाहेरच्या बाजूला वळले असेल, तर खुब्याचे हाड मोडल्याची शंका घ्या आणि हलवू नका. डोक्याला मार लागला असेल, आणि रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर बरे दिसत असले तरी डॉक्टरांना दाखवा. अंगावर चादर घाला, जवळ बसा, डॉक्टर येईपर्यंत.

हे वाचून कोणी म्हणेल, "फादर, एवढी भीती असेल तर त्यांना पलंगावरच राहू द्यावे." नाही, हे त्याहून वाईट आहे. २००७ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. धडधाकट अशा थोड्या वृद्धांना दहा दिवस अंथरुणात ठेवले. दहाच दिवसांत प्रत्येकाच्या पायांचे सरासरी एक किलोच्या आसपास स्नायू कमी झाले. हे निरोगी माणसांचे. आजारी माणसाचे काय होत असेल? जो पडण्याच्या भीतीने चालत नाही, त्याचे पाय आणखी अशक्त होतात आणि तो आणखी लवकर पडतो. सोय म्हणून आपण कितीतरी जणांना पलंगावर ठेवतो, जेवणही तिथेच, बेडपॅनही तिथेच. "त्यांना त्रास नको," असे म्हणतो. कोणाचा त्रास वाचवतो आहोत हे ज्याने त्याने पाहावे. संडासपर्यंतची दहा पावले ही काही जणांच्या दिवसातली एकमेव स्वतःची गोष्ट असते.

आता ज्या हे काम पगारावर करतात त्यांच्याविषयी. वृद्धाश्रमातल्या मावश्या आणि मदतनीस भाऊ दिवसातून किती वेळा माणसे उठवतात, बसवतात, वळवतात! आपण भेटीला गेल्यावर आजी-आजोबांबरोबर फोटो काढतो. त्या मावशी ट्रे घेऊन बाजूने निघून जातात. त्यांच्यापैकी अनेकींची कंबर चाळिशीतच गेलेली असते. जड माणूस एकटीने उचलू नये, दोघींनी मिळून करावे, गुडघे वाकवावेत, पाठ नव्हे, माणसाला अंगाशी ठेवावे, हे त्यांना माहीत असते. पण रात्रपाळीला दुसरी कोणी नसते. आपण आश्रमाला देणगी देताना "आणखी एक मदतनीस ठेवा, तिच्या पगाराचा वाटा आमचा," असे म्हणू शकतो.

संत जान जुगान यांचे नाव आपल्याकडे फारसे घेतले जात नाही. फ्रान्समधील ब्रिटनी प्रांतात, सँ-सेर्व्हां या गावी १८३९ च्या हिवाळ्यात या ४७ वर्षांच्या मोलकरणीने एका आंधळ्या, अर्धांग झालेल्या वृद्धेला आपल्या घरी आणले. तिचे नाव अॅन शोव्हँ. जानने तिला उचलून अरुंद जिन्याने वर नेले, स्वतःचा पलंग दिला आणि स्वतः माळ्यावर झोपायला गेली. त्यातून गरिबांच्या लहान भगिनींचा संघ उभा राहिला. १८८२ साली त्या भगिनी कोलकात्यालाही आल्या. गरिबी, शुद्धता आणि आज्ञापालन यांखेरीज त्या आतिथ्याचे चौथे व्रत घेतात. पुढे जानला स्वतः स्थापलेल्या संघाच्या प्रमुखपदावरून बाजूला करण्यात आले आणि आयुष्याची शेवटची २७ वर्षे ती नवशिष्यांच्या घरात एक साधी भगिनी म्हणून राहिली. १८७९ साली ती वारली आणि ११ ऑक्टोबर २००९ रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी तिला संतपद दिले.

जानने एकटीने उचलले, म्हणून आपणही एकट्याने उचलावे असे मी म्हणणार नाही. तिच्याजवळ ना पट्टा होता ना दुसरे माणूस. पण आंधळ्या बाईला उचलण्यापूर्वी जान तिच्याशी बोलली असेल, कुठे चाललो आहोत ते तिला सांगितले असेल, असे मला खात्रीने वाटते. न दिसणाऱ्या माणसाला जिन्यावरून न सांगता नेले तर तो घाबरून धडपडेल. आपण सगळ्यांनाच थोडे आंधळे समजून सांगत जावे.

पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या तळ्याकाठी प्रभूने पेत्राला एक गोष्ट सांगितली. तरुणपणी पेत्र स्वतःची कंबर बांधून हवे तिकडे जात असे. म्हातारपणी तो हात पसरील, दुसरा कोणी त्याची कंबर बांधील आणि नको तिकडे त्याला नेईल. पेत्राच्या हौतात्म्याविषयीची ही भविष्यवाणी आहे, हे आपण जाणतो. तरी वृद्धाश्रमाच्या व्हरांड्यात हे वाक्य मला वेगळेच ऐकू येते. 'सुंदर' दरवाजाशी दुसऱ्याला उठवणाऱ्या त्याच पेत्राला प्रभूने आधीच सांगून ठेवले होते की एक दिवस त्याची कंबर दुसऱ्याच्या हातात असेल. कदाचित म्हणूनच त्याने त्या पांगळ्याचा हात इतका नीट धरला. पोप फ्रान्सिस मे २०२२ पासून लोकांसमोर व्हीलचेअरवर येऊ लागले, तेव्हा त्यांना कोणीतरी ढकलत असे. २१ एप्रिल २०२५ रोजी ते प्रभूघरी गेले. त्याच्या आदल्या दिवशी, पास्काच्या रविवारी, ते आशीर्वाद द्यायला बाहेर आले ते त्याच खुर्चीतून.

शेवटी आपल्या देवळातल्या काही गोष्टी. कम्युनियनच्या वेळी वृद्ध आणि आजारी माणसांनी रांगेत उभे राहू नये. पुढच्या दोन बाकांवर बसावे, ख्रिस्तशरीर तिथे आणून दिले जाईल. उभे राहायच्या, गुडघे टेकायच्या प्रार्थनांना त्यांनी बसूनच राहावे, देवाचा त्यात काही अपमान होत नाही. दारातल्या पायरीला पिवळी पट्टी लावून घेतली आहे. पावसाळ्यात तिथले पायपुसणे सरकते, ते व्यवस्था पाहणाऱ्या मंडळींनी मिस्सेपूर्वी पाहावे. ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेले कोणी आहे, त्यांनी आपल्या समूहाच्या प्रमुखाकडे नाव द्यावे. पहिल्या शुक्रवारी घरी येताना मी आणि सिस्टर थोडा जास्त वेळ ठेवू.

पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर हॉलमध्ये आपल्याच धर्मग्रामातील एक फिजिओथेरपिस्ट ताई हे सगळे प्रत्यक्ष करून दाखवणार आहेत. वृद्धाश्रमात जाणाऱ्या सर्वांनी आणि घरी आई-वडिलांची सेवा करणाऱ्यांनी यावे. एक पलंग, दोन खुर्च्या आणि व्हीलचेअर असेल. येताना रबरी तळाची पादत्राणे घाला. आजोबांचे काम करायला दोन धडधाकट मुलगे हवे आहेत. लाजू नका, नावे माझ्याकडे द्या.